लाकडी ठशांतलं एदो : जपानी चित्रांतल्या शहराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होकुसाईची ती प्रचंड लाट कपांवर, टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर सगळ्यांनी पाहिलेली असते. पण त्याच काळात, तशाच लाकडी ठशांमधून चहाच्या टपरीवरच्या पोरी, नाटकातले नट, सार्वजनिक न्हाणीघरं, शेवयांची डिलिव्हरी देणारे पोरगे आणि दुकानांच्या पाट्याही छापल्या जात होत्या. पुढचे प्रश्न त्या चित्रांबद्दलचे आहेत.

ही चित्रं नेमकी कोणत्या शहराची?

एदो शहराची, म्हणजे आजच्या तोक्योची. १८६८ मध्ये नाव बदललं. १६०३ मध्ये तोकुगावा इएयासु शोगुन (देशाचा लष्करी सत्ताधीश) झाला आणि खाडीकाठचं हे ठिकाण राज्यकारभाराचं केंद्र बनलं. सम्राट मात्र क्योतोतच राहिला. अठराव्या शतकात एदोची वस्ती दहा लाखांच्या घरात गेली, असं मानलं जातं. त्यातला मोठा भाग सामुराई घराण्यांचा. प्रांतोप्रांतीच्या सरदारांना आलटूनपालटून एदोत राहणं सक्तीचं होतं, बायकामुलं तर कायमची तिथेच ओलीस असल्यासारखी. सरदारांबरोबर शेकडो नोकरचाकर येत, बहुतेक एकटे पुरुष. म्हणजे घरी स्वयंपाक नाही, संध्याकाळी काम नाही आणि बघायला अख्खं शहर.

दुसरीकडे व्यापारी. अधिकृत उतरंडीत ते सगळ्यात खाली, पण पैसा त्यांच्या हातात. राजकारणात त्यांना जागा नव्हती, घरादाराचं प्रदर्शन केलं तर सरकारची नजर पडायची. मग तो पैसा कपड्यांत, नाटकांत, खाण्यापिण्यात आणि चित्रांत गेला. क्योतो आणि ओसाकातही चित्रं छापली जात, ओसाकात तर मुख्यतः नटांचीच. पण या धंद्याची खरी बाजारपेठ एदोच.

पण ‘उकियो-ए’, म्हणजे ही ठसेचित्रं, त्यांत फुजी पर्वत आणि निसर्गच असतो ना?

आपल्यापर्यंत तेवढंच पोचलं, म्हणून तसं वाटतं. होकुसाईची फुजीची मालिका १८३० च्या सुमाराला निघू लागली, हिरोशिगेची तोकाइदो रस्त्यावरच्या मुक्कामांची मालिका त्यानंतर. त्याआधीची दीडशे वर्षं प्रकाशकांचं पोट दोन विषयांवर चाललं होतं : देखण्या बायका आणि काबुकी या पारंपरिक जपानी नाटकातले नट. हिशिकावा मोरोनोबुच्या सतराव्या शतकातल्या काळ्या-पांढऱ्या छपाईपासून हे चालत आलं. निसर्गचित्रं उशिरा आली, आणि आली तरी त्यांतली कितीतरी शहराचीच आहेत. होकुसाईच्या फुजी मालिकेतच बघा : सुरुगा-चो पेठेतल्या मित्सुई दुकानाच्या छपरावर कौलकाम करणारे मजूर आहेत, होन्जोच्या वखारीत लाकडं रचणारे आहेत. फुजी त्यांच्या मागे.

एक चित्र बनायला किती लोक लागत?

चार तरी हात : प्रकाशक, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा. यात मालक प्रकाशक. हिंदी सिनेमात निर्मात्याचं जे स्थान, तेच त्याचं. विषय कोणता, चित्रकार कोण, रंग किती, हे तो ठरवायचा आणि पैसे बुडाले तर त्याचेच बुडायचे.

चित्रकार पातळ कागदावर काळ्या शाईनं रेखाटन करून द्यायचा. तो कागद डोंगरी चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवायचा आणि कोरणाऱ्यानं रेषा तेवढ्या शिल्लक ठेवून बाकीचं लाकूड खरवडून काढायचं. मूळ रेखाटन या कामातच संपून जायचं. त्यामुळे ज्या चित्रांची रेखाटनं आज शिल्लक आहेत, ती बहुतेक कधी छापलीच न गेलेली. कपाळावरच्या केसांची मुळं कोरणं हे सगळ्यात अवघड. ते काम उस्तादच करायचा, कपड्यांचे सरळ पट्टे शिकाऊ पोरांकडे.

मग प्रत्येक रंगाला वेगळी फळी. सगळे रंग नेमके जागच्या जागी बसावेत म्हणून फळीच्या कोपऱ्यात आणि कडेला दोन खाचा ठेवलेल्या असत, कागद त्यांत टेकवायचा. या युक्तीच्या जोरावर १७६५ मध्ये सुझुकी हारुनोबुच्या हातून पूर्ण रंगीत चित्रं सुरू झाली. तेव्हा एदोतल्या हौशी लोकांत नववर्षाला चित्रमय दिनदर्शिका वाटण्याची चढाओढ लागली होती. त्या श्रीमंत मंडळींनी खर्चाकडे पाहिलं नाही, आणि ते तंत्र पुढे बाजारात आलं.

यंत्र कुठेच नाही. कोझो झाडाच्या सालीचा कागद, त्याला सरस आणि तुरटीचा हात, फळीवर रंग आणि तांदळाची खळ, वर कागद, आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चपट्या गादीनं पाठीवरून घासायचं. पहिला हप्ता साधारण २०० प्रतींचा धरतात. खपलं की पुन्हा छपाई, फळ्या झिजेपर्यंत.

कुनिसादानं १८५७ मध्ये हा सगळा कारखाना एका तीन पानी चित्रात दाखवलाय, पण तिथे कोरणाऱ्या, कागदाला सरस लावणाऱ्या सगळ्या सुंदर बायका आहेत. प्रत्यक्षात हे काम पुरुषांचं. घामेजलेले कारागीर कोण विकत घेणार? ही चित्रं पाहताना हा प्रश्न सतत हाताशी ठेवावा लागतो.

किंमत किती असायची?

एकोणिसाव्या शतकात एक मोठं पान साधारण १६ ते २० मोन (तेव्हाची सुटी नाणी). रस्त्यावरच्या सोब्याचा, म्हणजे शेवयांचा, एक वाडगा १६ मोनला मिळायचा. म्हणजे आज दुपारी शेवया की चित्र, एवढाच विचार. १८४२ मध्ये सरकारनं तर नियमच केला की पान १६ मोनच्या वर विकायचं नाही आणि रंगाच्या फळ्या सात-आठाच्या पुढे न्यायच्या नाहीत. उधळपट्टी रोखण्यासाठी.

आज लिलावात कोटींची बोली लागते ती याच चित्रांच्या काही प्रतींवर.

विकत घेऊन लोक काय करायचे?

भिंतीवर काचेच्या चौकटीत लावणं हा प्रकार नव्हता. चित्रं हातात धरून जवळून बघायची, मित्रांना दाखवायची, पडद्यांवर किंवा खांबावर चिकटवायची. काही चित्रं पंख्याच्याच आकारात छापलेली असत. कापून बांबूच्या काड्यांवर डकवली की उन्हाळाभराचा पंखा तयार. फासे टाकून खेळायचे सोंगट्यांचे पट, मुलांनी कापून उभे करायचे देखावे, बाहुल्यांचे कपडे, असलं बरंच काही छापलं जायचं. हे खेळण्यातलं छापकाम फार कमी उरलं, कारण पोरांनी ते वापरलं.

गावी परतणाऱ्या सामुराई शिपायाला ही चित्रं म्हणजे एदोची भेटवस्तू. वजन नाही, मोडत नाहीत, आणि गावातल्यांना राजधानीत यंदा कुठला नट गाजतोय, ओबी (किमोनोचा कमरपट्टा) कशी बांधतात, ते कळायचं.

चित्रातल्या सगळ्या बायका एकसारख्याच का दिसतात?

चेहऱ्यावर थांबलात तर तसंच वाटेल. माहिती बाकीच्या गोष्टींत आहे. दात काळे केलेले असतील तर बाई सहसा लग्न झालेली, भुवयाही काढलेल्या असतील तर बहुधा मूलबाळ असलेली. लांब लोंबत्या बाह्या अविवाहित मुलीच्या. ओबीची मोठी गाठ समोर आणि डोक्यात कासवाच्या पाठीच्या पिना पंख्यासारख्या पसरलेल्या, तर ती योशिवारा या वेश्यावस्तीतली वरच्या दर्जाची गणिका. कपाळावर जांभळ्या कापडाचा तुकडा दिसला, तर ती बाई नाहीच. काबुकीत स्त्रीभूमिका करणारा पुरुष आहे. नटांची ओळख पटवायला कपड्यांवरची घराण्याची चिन्हंही असतात : एकात एक तीन चौकोन दिसले की इचिकावा दांजुरो.

तेव्हाचा गिऱ्हाईक हे सगळं क्षणात वाचायचा. आपल्याला थोडी सवय करावी लागते, पण एकदा लागली की नाक-डोळे सारखे असल्याचं काही वाटत नाही. उतामारोनं तर १७९३ च्या सुमाराच्या तीन सुंदरींच्या चित्रात नाकाच्या वळणात आणि डोळ्यांच्या कडांत बारीकसे फरक केलेत. अर्ध्या मिलिमीटरचा खेळ.

या बायका खऱ्या होत्या का?

बऱ्याच होत्या, आणि माझ्या मते या चित्रांमधली सगळ्यात मजेदार गोष्ट हीच आहे.

१७६० च्या दशकाच्या शेवटी यानाकातल्या कासामोरी देवळासमोर चहाची टपरी होती. तिथे ओसेन नावाची मुलगी चहा द्यायची. हारुनोबुनं तिची चित्रं काढली आणि लोक देवाला कमी, ओसेनला बघायला जास्त जाऊ लागले. तिच्या नावाचे पंचे निघाले, बाहुल्या निघाल्या. असाकुसाला कान्नोनच्या देवळामागे दात घासायच्या काड्यांच्या दुकानात ओफुजी होती. दोघींत जास्त सुंदर कोण यावर शहर भांडायचं. मग १७७० च्या सुमाराला ओसेन टपरीवरून अचानक दिसेनाशी झाली आणि अफवांना ऊत आला. तिचं लग्न झालं होतं, एवढंच.

वीसेक वर्षांनी तोच प्रकार उतामारोच्या वेळी. त्याच्या त्या तीन सुंदरींमधली ओकिता असाकुसाजवळच्या चहाच्या दुकानातली, ओहिसा र्‍योगोकुतल्या सेंबेई विकणाऱ्या घरची, आणि तिसरी तोयोहिना गाण्याबजावण्याच्या व्यवसायातली. चहावाली आणि तांदळाचे पापड विकणाऱ्याची मुलगी शहरातल्या सगळ्यात प्रसिद्ध बायका झाल्या, त्याही नाव-पत्त्यासकट. सरकारला हे रुचलं नाही. १७९३ मध्ये फर्मान निघालं : गणिका सोडून इतर बायकांची नावं चित्रावर छापायची नाहीत. उतामारोनं काय केलं, तर नावाऐवजी कोपऱ्यात चित्रकोडं घातलं : भाजीच्या जुड्या, बाण, समुद्र, भातशेत. मोठ्यानं म्हटलं की ओकिताचं नाव तयार. कोडी सोडवण्यात पटाईत असलेल्या एदोकरांना तर ते आणखीच आवडलं. १७९६ मध्ये कोड्यांवरही बंदी आली.

योशिवारा इतकं सुंदर होतं का?

नाही. योशिवारा ही सरकारमान्य वेश्यावस्ती होती. १६५७ मध्ये ती शहराबाहेर असाकुसाच्या मागे हलवली. भोवती खंदक, आत-बाहेर जायला एकच मोठा दरवाजा. आतल्या बहुतेक मुली लहानपणी आईबापांनी कर्जापायी करारावर दिलेल्या, आणि कपडे, पिना, गाद्या यांचा खर्च त्यांच्याच नावावर चढत जायचा. त्यामुळे करार संपला तरी कर्ज संपेलच असं नव्हतं. वारस नसलेल्या मृत गणिकांना जवळच्या जोकान्जी देवळात आणून टाकत. चित्रांत जे रेशीम दिसतं ते या कर्जाचंच.

चित्रं ही गोष्ट सांगत नाहीत. ती वस्तीची आणि कापडवाल्यांची जाहिरातच करतात. तरी कधी कधी पडदा जरा सरकतो. उतामारोची योशिवारातल्या बारा प्रहरांची मालिका आहे, १७९४ च्या आसपासची. त्यात मध्यरात्रीनंतरच्या प्रहरात एक बाई अर्धवट झोपेत, एका हातात जळती कागदाची सुरळी आणि दुसऱ्यात पातळ कागद घेऊन, पायानं चपला चाचपडत उभी आहे. खोलीत गिऱ्हाईक असणार. ते चित्रात नाही.

हिरोशिगेनं १८५७ मध्ये यापुढचं पाऊल टाकलं आणि बाईच काढून टाकली. योशिवारातली वरच्या मजल्यावरची खोली, खिडकीत पाठमोरं पांढरं मांजर, बाहेर संध्याकाळच्या भातशेतातून कोंबड्याच्या जत्रेला निघालेली मुंगीएवढी गर्दी. खोलीत कडेला पडद्याचा काठ आणि जमिनीवर कागदात गुंडाळलेल्या, जत्रेतल्या दाताळ्याच्या आकाराच्या केसांच्या पिना. गिऱ्हाइकानं आणलेली भेट. जत्रेच्या दिवशी वस्तीची दारं सगळ्यांना खुली असत आणि गणिकांना गिऱ्हाईक घेणं भागच असे. त्या गर्दीत सामील होता येतं ते फक्त मांजराच्या नजरेला.

साधं घरगुती आयुष्य कुठे बघायला मिळतं?

उतामारोकडेच. त्याच्या स्वयंपाकघराच्या चित्रात एक बाई बांबूच्या नळीनं चूल फुंकतेय, धुरानं दुसरीनं डोळे मिटलेत, एक वांगं सोलतेय, पोर पाठीला लोंबकळतंय. मच्छरदाणी, शिवणकाम, मुलाला पाजणं, विळीवर नाही पण सुरीवर चाललेली भाजी, असे विषय त्यानं भरपूर हाताळले. बायका अर्थातच जरुरीपेक्षा सुंदर आणि केस चुलीपुढेही विस्कटलेले नाहीत.

कियोनागाचं १७८७ च्या सुमाराचं बायकांच्या न्हाणीघराचं चित्रही असंच. एदोत घरोघरी न्हाणी नसायची, कारण लाकडी घरांत आगीची भीती आणि पाणी-सरपण महाग. गल्लोगल्ली सार्वजनिक न्हाणीघरं होती. आतली वाफ कोंडून राहावी म्हणून हौदाकडे जायचं दार अगदी बुटकं ठेवत, वाकून जावं लागे. कियोनागाच्या चित्रात ते दिसतं. याची एक प्रत पुढे फ्रेंच चित्रकार देगाकडे होती; आता ती बॉस्टनच्या संग्रहालयात आहे.

शहरातले बहुसंख्य सामान्य लोक राहायचे ते चाळीवजा ‘नागाया’त. एक बिऱ्हाड म्हणजे साधारण पावणेतीन मीटर बाय साडेतीन मीटर, चुलीच्या जागेसकट; विहीर आणि संडास सामाईक. मुंबईच्या चाळीत वाढलेल्याला ही मापं वाचून फार नवल वाटू नये. पण हे नागाये चित्रांत शोधून शोधून सापडतात, कारण तिथे राहणाऱ्यालाच तर चित्र विकायचं होतं, आणि त्याला स्वतःची खोली बघण्यात रस नव्हता.

रस्त्यावर खायला काय मिळायचं?

तेम्पुरा, सोबा, सुशी, भाजलेली रताळी, गोड लाल वालाचं सूप, तांदळाच्या पिठाचे गोळे. हिरोशिगेच्या ताकानावा किनाऱ्यावरच्या एका रात्रीच्या चित्रात चंद्रोदय बघायला जमलेल्या लोकांसाठी टपऱ्यांची ओळच्या ओळ आहे, प्रत्येकीवर काय मिळतं त्याची पाटी. भाताच्या मुटक्यावर मासा ठेवलेली आजची सुशी तेव्हा नवीच होती, १८२० च्या दशकातली. कुनियोशीच्या १८४४ च्या सुमाराच्या एका चित्रात पट्ट्यापट्ट्यांच्या किमोनोतली बाई सुशीची ताटली घेऊन उभी आहे आणि पोरगं ती ओढायला बघतंय.

चार पायांच्या प्राण्याचं मांस बौद्ध रिवाजानुसार वर्ज्य. तरी हिरोशिगेच्या बिकुनी पुलावरच्या बर्फाच्या चित्रात डाव्या बाजूला भली मोठी पाटी आहे : ‘डोंगरी देवमासा’. हे दुकान रानडुकराच्या मटणाचं. देवमासा मासाच धरत, मग तो डोंगरातला का असेना.

एखादं चित्र नीट कसं वाचायचं?

हिरोशिगेची ‘एदोची शंभर प्रसिद्ध स्थळं’ घ्या. १८५६ ते १८५८, प्रकाशक उओया एइकिची. नावात शंभर, पण चित्रं त्याहून जास्त; ११८ हिरोशिगेची आणि एक त्याच्या शिष्याचं. १८५८ मध्ये, कॉलऱ्याच्या साथीच्या वर्षी, हिरोशिगे गेला.

त्यातलं निहोनबाशी पुलाजवळच्या हमरस्त्याचं चित्र उन्हाळ्याचं आहे आणि आपण वरून बघतोय. त्यामुळे चेहरा जवळजवळ एकाचाही दिसत नाही. छत्र्या, टोप्या आणि त्यांच्याखालून चालणारे पाय. दुमजली मोठ्या छत्रीखाली घोळक्यानं चाललेले सुमियोशी नाचे, त्यांच्यामागे रुंद टोपीखाली शामिसेन वाजवणारी बाई, शिरोकियाचं कापडाचं दुकान, खरबुजं विकणारा, आणि सोब्याच्या डब्यांची चळत घेऊन निघालेला डिलिव्हरीवाला. सगळ्यांची पोटापाण्याची घाई. मला या मालिकेतलं हे सगळ्यात जिवंत पान वाटतं, पावसातल्या पुलाच्या प्रसिद्ध चित्रापेक्षाही.

कान्दाच्या रंगाऱ्यांच्या आळीचं चित्र दुसऱ्या टोकाचं. माणूस दिसत नाही. उंच बांबूंवर वाळत घातलेल्या निळ्या-पांढऱ्या कापडाच्या लांबच लांब पट्ट्या, मागे फुजी. पण पट्ट्यांवरची अक्षरं बघा : एकीवर ‘मासा’ हे चिन्ह, म्हणजे प्रकाशक उओयाचं; दुसरीवर हिरोशिगेचं स्वतःचं बोधचिन्ह. वाळत घातलेल्या कापडावरसुद्धा दुकानाची पाटी.

सारुवाका-चोचं रात्रीचं चित्र तर नक्की बघा. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं एदोची नाटकगृहं उचलून असाकुसाकडे हलवली, त्या रस्त्यावर नाटक सुटलंय. पौर्णिमा आहे आणि प्रत्येक माणसाची सावली रस्त्यावर पडलीय. जपानी ठसेचित्रांत सावली सहसा नसतेच. पाश्चात्त्य चित्रांकडे बघून केलेला हा प्रयोग.

मग या चित्रांना तेव्हाचे फोटो म्हणायचं का?

असं म्हणणं धोक्याचं आहे. नोव्हेंबर १८५५ मध्ये एदोला जबरदस्त भूकंप झाला, आगी लागल्या, हजारो माणसं मेली. त्याच्या पुढच्याच वर्षी हिरोशिगेची शंभर स्थळं सुरू झाली, आणि त्यांत पडझड शोधून सापडत नाही. असाकुसाच्या पॅगोड्याचं वरचं टोक भूकंपात वाकलं होतं. चित्रात ते सरळ आहे. दुरुस्ती झाल्यावर ते पान निघालं, असं अभ्यासक मानतात. शहर पुन्हा उभं राहिलंय ही बातमी विकली जात होती, ढिगारे नाही.

मैला गोळा करून शेतकऱ्यांना विकण्याचा एदोतला मोठा धंदा, भिकारी, तुरुंग, चामड्याचं काम करणाऱ्या बहिष्कृत लोकांच्या वस्त्या, हेही जवळजवळ गैरहजर. मात्र पुढच्या पाटीवरून नजर हटवून कडेला नेली, तर तिथे प्रकाशकाच्या हिशोबातून निसटलेलं बरंच काही दिसतं. योत्सुया-शिंजुकूच्या चित्रात अर्धं पान घोड्याच्या ढुंगणानं व्यापलंय आणि खाली शेण पडलंय. ताकानावाच्या चित्रात बैलगाडीच्या चाकाशेजारी कलिंगडाची खाल्लेली साल आणि कुत्र्याची पिल्लं.

भूकंपाची चित्रं मग निघालीच नाहीत?

निघाली की, पण चोरून. जमिनीखालचा प्रचंड मासा हलला की भूकंप होतो आणि काशिमाचा देव त्याला दगडानं दाबून धरतो, असा समज होता. भूकंपानंतर काही दिवसांत या माशाची शेकडो प्रकारची चित्रं बाजारात आली; चित्रकाराची सही नाही, परवानगीचा शिक्का नाही. काहींत लोक माशाला बडवतायत. काहींत मात्र सुतार, गवंडी, कौलं घालणारे त्याचे आभार मानतायत, कारण पुनर्बांधणीत त्यांचे खिसे भरले होते. शहरातल्या पैशाच्या वाटणीबद्दल इतकं उघड बोलणारी चित्रं एरवी नाहीत. दोनेक महिन्यांत सरकारनं ती बंद पाडली.

सेन्सॉर कितपत कडक होता?

१७९० पासून छपाईआधी मंजुरीचा शिक्का सक्तीचा झाला. हे छोटे गोल किंवा लांबट शिक्के चित्रातच कोरलेले असतात आणि पुढच्या काळात त्यांत वर्ष-महिनाही येतो, त्यामुळे आज तारखा ठरवायला तेच उपयोगी पडतात. नियम मोडला तर शिक्षा खरी होती. १७९१ मध्ये प्रकाशक त्सुताया जुझाबुरोची निम्मी मालमत्ता जप्त झाली आणि लेखक सान्तो क्योदेनला ५० दिवस हातकड्या. १८०४ मध्ये जुन्या सत्ताधीश हिदेयोशीवरच्या चित्रांसाठी उतामारोलाही ५० दिवस हातकड्या. दोन वर्षांनी तो वारला.

१८४२ च्या बंदीत नट आणि गणिका दोन्ही गेले, म्हणजे धंद्याचा कणाच. कुनियोशीनं मग मांजरांना नटांचे चेहरे दिले. १८४८ च्या सुमाराला त्यानं एक कोठाराची भिंत काढली आणि तिच्यावर कुणी पोरानं खिळ्यानं ओरखडावी तशी वेडीवाकडी तोंडं. ही भिंतीवरची रेघोट्यांची चित्रं आहेत, नटांची नव्हेत, असं म्हणायला तो मोकळा. एदोतलं शेंबडं पोरही प्रत्येक नट ओळखायचं.

चित्रांत जाहिराती असायच्या का?

सर्रास. एइसेन आणि कुनिसादाच्या सुंदरींच्या हातात ‘सेन्जोको’ या पांढऱ्या फेस-पावडरची पुडी वारंवार दिसते. क्योबाशीजवळच्या साकामोतो दुकानाचा माल. मित्सुईचं एचिगोया दुकान तर इतक्या चित्रांत आहे की त्याला नटाचा दर्जा द्यायला हवा. रोख पैसे आणि ठरलेला भाव, घासाघीस नाही, ही १६७३ मध्ये सुरू झालेल्या त्या दुकानानं आणलेली पद्धत. पावसात गिऱ्हाइकांना दुकानाच्या खुणेच्या छत्र्या उसन्या द्यायचे, म्हणजे पाऊस पडला की शहरभर फुकट जाहिरात.

जुन्या चित्रांतले रंग असे मळकट का?

बरेचसे विटलेले आहेत. निळ्या फुलांचा रस आणि करडईचा गुलाबी, दोन्ही उजेडात उडतात. १८३० च्या सुमाराला परदेशातून येणारा प्रशियन निळा रंग स्वस्त झाला, तो टिकला. होकुसाई-हिरोशिगे ताजे वाटतात त्याचं हे एक कारण.

१८६८ नंतर काय झालं?

शहर बदललं, चित्रं काही काळ त्याच्यामागे धावली. १८७२ मध्ये शिंबाशी ते योकोहामा आगगाडी सुरू झाली, गिन्झात विटांच्या इमारती आल्या, आणि चित्रांत परदेशी भडक लाल रंग. १८७४ पासून खून-मारामाऱ्यांच्या बातम्यांची रंगीत पानं निघाली. कोबायाशी कियोचिकानं १८७६ पासून गॅसच्या दिव्यांत उजळलेलं तोक्यो काढलं. माझ्या लेखी तो हिरोशिगेचा खरा वारस. पुढे फोटो, लिथोग्राफी आणि वर्तमानपत्रांनी गिऱ्हाईक नेलं.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध आहे का?

एदोच्या चित्रांशी नाही. विसाव्या शतकात मात्र आहे : हिरोशी योशिदा या चित्रकारानं भारताचा दौरा करून १९३१ च्या सुमाराला लाकडी ठशांची मालिका केली, तिच्यात ताजमहाल आणि बनारसबरोबर अजिंठा आणि वेरूळही आहे. काळ्या पाषाणातला अंधार ठशांवर ठसे चढवून त्यानं कसा गडद केलाय, ते बघण्यासारखं आहे.

घरबसल्या कुठे बघता येतील?

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट, ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि जपानचं राष्ट्रीय संसदीय ग्रंथालय यांच्या संकेतस्थळांवर मोठ्या आकारात फुकट. ब्रुकलिन संग्रहालयाकडे ‘शंभर स्थळां’चा संच आहे. चित्र पूर्ण मोठं करा. शिक्के आणि पाट्या तेव्हाच दिसतात. तोक्योला गेलात तर हाराजुकूचं ओता संग्रहालय बघा. तिथली चित्रं दर महिन्याच्या आसपास बदलतात, कारण उजेडानं रंग जातात.

ऑनलाइन ‘अस्सल’ म्हणून विकतात ते घ्यावं का?

आधी भिंग लावा. बारीक रंगीत ठिपके दिसले तर ते ऑफसेट, पोस्टरच. ठिपके नसतील तर पान उलटं करा : हातानं छापलेल्या चित्राचा रंग मागे झिरपलेला असतो आणि घासल्याच्या गोलसर खुणा दिसतात. तरीही ते जुनंच असेल असं नाही. विसाव्या शतकात नव्या फळ्या कोरून केलेल्या प्रती खूप आहेत आणि त्यांचा कागद पांढरा, जाड, कडा स्वच्छ असतात. तोक्योत आजही काही कार्यशाळा अशा प्रती करतात आणि नवी प्रत म्हणूनच विकतात. भिंतीवर लावायचं असेल तर ती घ्यावी. रंग तर त्यात पहिल्या दिवसासारखे असतात.